‘पापुशा’ : लिहिण्याची किंमत दाखवणारा, पण लेखन हातचे राखणारा चित्रपट

योआन्ना कोस-क्राउझे आणि क्षिश्तोफ क्राउझे या पोलिश दांपत्याने दिग्दर्शित केलेला ‘पापुशा’ हा २०१३ चा कृष्णधवल चित्रपट एका रोमा, म्हणजे युरोपातल्या ‘जिप्सी’ म्हटल्या जाणाऱ्या समाजातल्या, कवयित्रीची कहाणी सांगतो. ब्रोनिस्वावा वाइस हे तिचे कागदोपत्री नाव. तांड्यात आणि पुढे साहित्याच्या जगातही ती पापुशा, म्हणजे बाहुली, याच नावाने ओळखली गेली. ज्या समाजात लिहिणे-वाचणे हे परक्यांचे काम मानले जाई, त्या समाजातली एक मुलगी अक्षरे शिकते, मोठेपणी मनात येणारी गाणी कागदावर उतरवते, ती गाणी छापली जातात, आणि त्या छापील पानांपायी तिला उरलेले सगळे आयुष्य आपल्या माणसांवाचून काढावे लागते, असा या कथेचा गाभा आहे. हा चित्रपट अवश्य पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्याने एक महत्त्वाची गोष्ट हातची राखली आहे, आणि ती कोणती हे सांगितल्याशिवाय ही शिफारस पुरी होणार नाही. पापुशाने लिहिण्याची जी किंमत मोजली, ती हा चित्रपट विलक्षण नेमकेपणाने दाखवतो. तिने जे लिहिले, ते मात्र त्यात फारच थोडे ऐकू येते.

तिच्या आयुष्याचा क्रम आधी माहीत असलेला बरा, कारण दिग्दर्शकांनी तो सरळ मांडलेला नाही. पापुशाच्या जन्मवर्षाविषयी १९०८ आणि १९१० अशा दोन नोंदी आढळतात. ती ‘पोल्स्का रोमा’ या गटातली होती, आणि हा गट पोलंडमधील रोमांमध्ये रीतिरिवाजांच्या बाबतीत फार कडक समजला जातो. तिचा तांडा हार्प वाजवणाऱ्यांचा होता. माणसाच्या उंचीची ती अवजड तंतुवाद्ये घोडागाड्यांवर लादून ही मंडळी गावोगाव फिरत. तांडा एखाद्या गावापाशी थांबला की लहानगी पापुशा शाळकरी पोरांना गाठून अक्षरे विचारून घेई, आणि पुढे एका ज्यू दुकानदारीणबाईने तिला वाचायला शिकवले. या शिकवणीचा मोबदला चोरलेल्या कोंबड्यांच्या रूपाने पोहोचता होई. घरच्यांना हे मुळीच रुचले नाही आणि पुस्तके हाती लागली की मार बसे. वयात येते न येते तोच तिचे लग्न दिओनिझी वाइस या वयाने कितीतरी मोठ्या हार्पवादकाशी लावून देण्यात आले. हे लग्न सुखाचे झाले नाही. स्वतःचे मूल झाले नाही, तेव्हा तिने एक मुलगा दत्तक घेतला.

दुसऱ्या महायुद्धात हा तांडा व्होल्हिनियाच्या, म्हणजे आजच्या पश्चिम युक्रेनमधल्या प्रदेशाच्या, जंगलांत लपून कसाबसा तगला. १९४३ आणि १९४४ या वर्षांत तिथे जी भूक, जी थंडी आणि जी कत्तल या लोकांनी पाहिली, तिच्यावर पापुशाने रक्ताच्या आसवांचे एक दीर्घ गाणे रचले. त्यात रोमांच्या मरणाबरोबरच ज्यूंच्या मरणाचाही शोक आहे. युद्ध संपल्यावर, १९४९ च्या सुमारास, येझी फित्सोव्स्की हा पंचविशीतला कवी या लोकांमध्ये येऊन राहिला. तो नाझींविरुद्ध लढलेल्या भूमिगत ‘होम आर्मी’चा माजी सैनिक होता आणि नव्या कम्युनिस्ट राजवटीच्या गुप्त पोलिसांचा ससेमिरा चुकवत होता. त्याने पापुशाची गाणी ऐकली, ती लिहून काढण्याचा आग्रह धरला, त्यांचे पोलिशमध्ये भाषांतर केले आणि ती पोलंडचा तेव्हाचा मोठा कवी युलियन तुविम याच्यापर्यंत पोहोचवली. १९५० मध्ये ‘प्रोब्लेमी’ या मासिकात तुविमने फित्सोव्स्कीची घेतलेली मुलाखत आणि तिच्यासोबत पापुशाच्या कविता प्रसिद्ध झाल्या. पाठोपाठ १९५२ मध्ये भटक्या रोमांना स्थायिक करण्याविषयीचा सरकारी ठराव झाला, आणि १९५३ मध्ये फित्सोव्स्कीचे पोलंडमधील रोमांवरचे पुस्तक आले. त्यात रोमांच्या चालीरीती होत्या, शुद्धाशुद्धतेचे नियम होते आणि रोमानी शब्दांचा कोशही होता.

तांड्याच्या दृष्टीने हिशेब सरळ होता. आपले गुपित बाहेर गेले, आणि ते बाहेर नेणारी पापुशाच. कवितांच्या संग्रहाची छपाई थांबवावी म्हणून तिने अधिकारी माणसांचे उंबरठे झिजवल्याचे आणि तिथून हात हलवत परतल्यावर स्वतःचे कागद जाळल्याचे तिच्या चरित्रात सांगितले जाते. संग्रह १९५६ मध्ये व्रोत्सवाफच्या ‘ओस्सोलिनेउम’ या प्रकाशनसंस्थेतर्फे निघालाच. समाजाने तिला अपवित्र ठरवून वाळीत टाकले. काही महिने मनोरुग्णालयात काढून ती परतली, आणि त्यानंतरची तीस-एक वर्षे तिने जवळजवळ एकाकी घालवली. त्यांतली बरीचशी पश्चिम पोलंडमधल्या गोझुव्ह या शहरात गेली, शेवटची काही इनोव्रोत्सवाफ येथे, आणि तिथेच १९८७ च्या फेब्रुवारीत तिचे निधन झाले. मधल्या काळात, १९६२ मध्ये, पोलिश लेखक संघाने तिला सभासद करून घेतले होते. देशाने तिला लेखिका म्हणून मान्यता दिली तेव्हा तिच्या दारात तिचे सगेसोयरेही येत नव्हते.

चित्रपटाची सुरुवात जन्मापासूनच होते. दुकानाच्या काचेआडची बाहुली एका अल्पवयीन, गरोदर मुलीच्या नजरेत भरते, तिच्या पोटी मुलगी जन्माला येते, आणि बाहुलीचे नाव बाळाला मिळते. हे नाव लाभेल की बाधेल, अशी शंका त्याच वेळी कोणीतरी बोलून दाखवते. यानंतर काळ एकदम पुढे उडी घेतो. वर्ष १९७१. कोंबडीच्या चोरीवरून तुरुंगात असलेल्या वृद्ध पापुशाला एक सरकारी मोटार न्यायला येते, कारण एका भव्य सभागृहात वाद्यवृंद आणि गायक तिच्या शब्दांवर रचलेले संगीत सादर करणार असतात आणि मंत्रिमहोदयांना कवयित्री समक्ष हजर हवी असते. तिथून कथा कधी १९४९ कडे, कधी युद्धापूर्वीच्या बालपणाकडे, कधी वस्तीच्या खोल्यांकडे येत-जात राहते.

संगीतसभेचा हा प्रसंग मला सबंध चित्रपटातला सर्वांत अर्थपूर्ण वाटला, आणि त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहायला हवे. त्यात वाजणारे संगीत यान कांती पाव्लुश्केव्हिच या संगीतकाराचे आहे. पापुशाच्या कवितांवर रचलेली ‘हार्फी पापुशी’, म्हणजे ‘पापुशाचे हार्प’, ही त्यांची भव्य रचना क्राकुव्हच्या ब्वोनिया या विस्तीर्ण कुरणावर १९९४ मध्ये प्रथम सादर झाली. म्हणजे पापुशाच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. प्रत्यक्षात तिच्या कानांवर या संगीताचा एक स्वरही कधी पडला नाही. दिग्दर्शकांनी तेच संगीत तेवीस वर्षे मागे नेले आणि म्हाताऱ्या पापुशाला श्रोत्यांमध्ये बसवले. इतिहासाशी घेतलेले असे स्वातंत्र्य चरित्रपटात बहुधा खटकते, कारण ते नायिकेला तिच्या हयातीत न मिळालेला गौरव बहाल करण्यासाठी घेतलेले असते. इथे तसे नाही. भोवती ठेवणीतल्या कपड्यांतली बडी मंडळी, समोर पूर्ण वाद्यवृंद, तिचेच शब्द तिच्याच भाषेत सभागृहात घुमत आहेत, आणि डोक्याला रुमाल बांधलेली ही बाई त्या सोहळ्यात अगदी पाहुणी, जवळपास परकी. तिचे शब्द या लोकांचे झाले आणि तिच्या लोकांचे राहिले नाहीत, ही गोष्ट एकही वाक्य न बोलता कळते. गौरव आणि हद्दपारी एकाच चौकटीत दाखवायची ही कल्पना चरित्राच्या शंभर तपशिलांपेक्षा मोलाची आहे. तुरुंगातून थेट सभागृहात, हा प्रवासही त्याच अर्थाचा. ज्या राज्याला तिची सही आणि तिची उपस्थिती हवी असते, त्याच राज्याच्या कोठडीतून तिला उचलून आणावे लागते.

या चित्रपटाची दुसरी मोठी जमेची बाजू अशी की यात खलनायक नाही. पापुशाचे शब्द तिच्याकडून तीन वेगवेगळ्या हातांनी घेतले. फित्सोव्स्कीने ते प्रेमाने आणि कदराने घेतले. तो नसता तर आज आपल्याला पापुशा ठाऊकही नसती. सरकारने ते आपल्या धोरणाच्या सोयीने घेतले, कारण भटक्या जमातीतली एक बाई कवयित्री म्हणून छापली जाते, यासारखे ‘प्रगती’चे दुसरे उदाहरण कोणते मिळणार होते? आणि समाजाने ते शिक्षा म्हणून परत मागितले, जे आता कोणालाही परत करणे शक्य नव्हते. या तिघांपैकी कोणालाही दिग्दर्शक सैतान करत नाहीत. फित्सोव्स्की सज्जन आहे, आणि त्याचे सज्जन असणे पापुशाच्या उपयोगी पडत नाही. तांड्यातले पुरुष कठोर आहेत, पण त्यांच्या रागाला भीतीचे अस्तर आहे.

ही भीती कुठून आली, हे मात्र चित्रपटाने अधिक स्पष्ट करायला हवे होते. नाझी जर्मनीत रॉबर्ट रिटर आणि त्याची सहकारी एफा युस्टिन यांनी ‘वंशशास्त्रीय संशोधन’ या नावाखाली रोमा आणि सिंती (जर्मन प्रदेशातले रोमांचे भाऊबंद) कुटुंबांच्या वंशावळी उतरवून घेतल्या, माणसांची मोजमापे घेतली. युस्टिनने तर त्यांचा विश्वास मिळवण्यासाठी रोमानी भाषेचा वापर केला. या नोंदी पुढे त्याच लोकांची पाठवणी छळछावण्यांत करण्यासाठी कामी आल्या. ऑशविट्झ-बिर्केनाऊमधली रोमांची छावणी २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री रिकामी करण्यात आली, म्हणजे तिथे उरलेल्या हजारो बायका, मुले आणि म्हातारी माणसे विषारी वायूच्या कोठड्यांत मारली गेली. त्यानंतर दहा वर्षे उलटायच्या आत एक परका तरुण वही घेऊन आपले शब्द आणि आपले नियम टिपतो आहे, आणि लगेच सरकार आपल्या गाड्यांची चाके काढायला निघाले आहे, असे ज्यांनी पाहिले, त्यांनी या दोन गोष्टींचा संबंध जोडला तर त्यांना अडाणी म्हणता येणार नाही. पापुशाला दिलेली शिक्षा अन्यायाचीच होती, यात मला शंका नाही. पण ती निव्वळ हट्टी परंपरेतून आली असे प्रेक्षकाला वाटू देणे हाही त्या समाजावर एक लहानसा अन्यायच होतो. चित्रपट युद्धाचा भाग थोडक्यात आटोपतो, आणि त्यामुळे ही साखळी प्रेक्षकाच्या हाती पूर्णपणे लागत नाही.

स्थायिक करण्याच्या मोहिमेचे चित्रण याउलट फार चांगले उतरले आहे. १९५२ च्या ठरावानंतरही अनेक तांडे रस्त्यावर होतेच. १९६४ मध्ये पोलिश सरकारने फिरण्यावर प्रत्यक्ष बंदी आणली, नोंदणीची सक्ती केली, आणि रोमांच्या आठवणीत ते सारे ‘मोठा मुक्काम’ या नावाने राहिले. कागदावर हे घर, शाळा आणि नोकरी देणारे धोरण होते. चित्रपटात ते कसे दिसते? आधी पडदाभर पसरलेले आभाळ, शेते, बर्फ आणि त्यांतून सरकणारी गाड्यांची बारीक रांग. मग अचानक भिंती, छत, अंधारलेल्या खोल्या आणि खिडकीशी बसलेली माणसे. चौकटीची रुंदी तीच असते, पण तिच्यातली हवा निघून गेलेली असते. ज्या माणसाने आयुष्यभर घोडे आणि वाद्ये सांभाळली, तो चार भिंतींत बसून दिवस ढकलतो, हे दिओनिझीच्या बाबतीत पाहताना मन विषण्ण होते. जंगलाला बाप म्हणणाऱ्या कवयित्रीचे दुःख समजण्यासाठी हा फरक डोळ्यांना दिसणे आवश्यक होते, आणि तो दिसतो.

याचे श्रेय क्षिश्तोफ प्ताक आणि वोय्चेख स्तारोन या दोघा छायालेखकांना द्यायला हवे. त्यांचा कॅमेरा बहुतेक वेळा स्थिर आणि दूर उभा असतो. माणसे लहान दिसतात, निसर्ग मोठा. एकेक दृश्य इतके बांधेसूद आहे की जुन्या छायाचित्रांच्या संग्रहातून ते काढले असावे असे वाटते, आणि पूर्वीच्या रोमा तांड्यांची छायाचित्रे ज्यांनी पाहिली असतील त्यांना ही सावली चटकन ओळखू येईल. बर्फाच्या पांढऱ्यावर गाड्या, घोडे आणि माणसे काळ्या रेघांसारखी उमटतात. या सौंदर्यावर मी मनापासून लुब्ध आहे, तरीही एक आक्षेप नोंदवतो. हे अंतर प्रत्येक वेळी आवश्यक नव्हते. लग्नाच्या दिवशी पापुशाच्या मनात काय चालले आहे, पहिले अक्षर ओळखले तेव्हा तिला काय वाटले, कागद जाळताना तिचे हात काय करत होते, इथे कॅमेऱ्याने चार पावले पुढे यायला हवे होते. आपण तिच्याकडे रस्त्यापलीकडून पाहत राहतो. दारिद्र्य, थंडी आणि मारझोड इतक्या देखण्या चौकटीत बसवली की त्यांची धार थोडी बोथट होते, हेही खरे.

अभिनयाविषयी मतभेदाला जागा नाही. योव्हिता बुदनिक यांनी तरुण स्त्रीपासून थकलेल्या म्हातारीपर्यंतची पापुशा उभी केली आहे, आणि चित्रपटातले बहुतेक संवाद रोमानीत असल्यामुळे त्यांना ती भाषा शिकावी लागली. त्यांच्या चेहऱ्यावर सतत एक सावधपणा असतो. बोलायचे पुष्कळ आहे आणि बोलले तर कोणाला तरी राग येईल, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या बाईचा तो सावधपणा आहे. झ्बिग्निएव्ह वालेरिश यांचा दिओनिझी मला त्याहून अनपेक्षित वाटला. हा नवरा हात उचलणारा आहे, हुकूम सोडणारा आहे, आणि तरीही पुढे जेव्हा सगळा समाज पाठ फिरवतो तेव्हा तिच्या सोबतीला तोच उरतो. दोघांमधला हा कडवट सहवास पटकथेने फार समजून लिहिला आहे. अंतोनी पाव्लित्स्की यांचा फित्सोव्स्की त्यामानाने फिका आहे. जो माणूस पुढे अनेक दशके रोमांविषयी लिहीत राहिला, पोलंडमधील रोमांच्या संहाराची नोंद करणाऱ्या पहिल्या काही पोलिश लेखकांपैकी एक ठरला, आणि ज्याला आपण प्रसिद्ध केलेल्या पानांचा परिणाम डोळ्यांदेखत पाहावा लागला, त्याच्या मनातली उलघाल इथे फारशी दिसत नाही. त्याच्यात आणि पापुशात एक अस्फुट ओढ असल्याचे चित्रपट सुचवतो. ही सूचना मला अनावश्यक वाटली. बाईने लिहिले ते कोणा पुरुषावर जीव जडला म्हणून, असा अर्थ तिच्यातून निघू शकतो, आणि पापुशा तर फित्सोव्स्की भेटण्यापूर्वी कितीतरी वर्षे गाणी रचत होती.

पापुशाची भूमिका रोमा अभिनेत्रीकडे का गेली नाही, हा प्रश्नही रास्त आहे. ज्या कवयित्रीचे दुःखच असे की तिच्या वतीने दुसरे लोक बोलले, तिच्या चित्रपटात मुख्य भूमिका पुन्हा बिगर-रोमा कलावंतांनी कराव्यात, यात एक विसंगती राहतेच. बुदनिक यांच्या कामाचा दर्जा या प्रश्नाचे उत्तर नव्हे. दिग्दर्शकांनी रोमानी भाषेचा आग्रह धरला, पडद्यावर अनेक रोमा माणसांना आणले, ही बाजू मात्र त्यांच्या खात्यावर जमा केली पाहिजे. रोमानी ही भारतीय आर्य कुळातली भाषा असून पूर्ण लांबीच्या चित्रपटांत ती क्वचितच अशी सलग ऐकायला मिळते.

आता मुख्य तक्रारीकडे येतो. पापुशा ही कवयित्री आहे, असे आपल्याला चित्रपटात वारंवार सांगितले जाते. फित्सोव्स्की सांगतो, तुविम मानतो, मंत्री मानतात, आणि तांडा तर त्याचसाठी तिला दोष देतो. पण ती कवयित्री कशी आहे, हे आपल्याला तिच्या ओळींतून फारसे कळत नाही. तिच्या कविता लिखित परंपरेतल्या नाहीत. त्या गाण्यांच्या चालीने जातात, एकच साद पुन्हा पुन्हा घालतात, रान, नदी, चंद्र आणि तारे यांना नातेवाइकांसारखे हाका मारतात, आणि मध्येच भुकेने रडणाऱ्या मुलांपाशी येऊन थबकतात. त्यांत गेलेल्या दिवसांची ओढ आहे, पण त्या दिवसांतली उपासमार तिने लपवलेली नाही. सरकारी प्रचाराला तिच्या कविता सोयीच्या वाटल्या खऱ्या, पण त्या नीट वाचल्या तर रस्त्यावरच्या जिण्याचा विरह त्यांत इतका ठसठशीत आहे की स्थायिक होण्याचा पुरस्कार करणाऱ्याला त्या अडचणीच्या वाटाव्यात. हा गुंता चित्रपटात आला असता तर तिचे लेखन आणि राज्याचे धोरण यांतले अंतर प्रेक्षकाला स्वतः मोजता आले असते. व्होल्हिनियाचे दीर्घ गाणे तर एका प्रसंगात सलग ऐकवायलाच हवे होते. जंगलात लपलेल्या माणसांनी आग पेटवायची नाही, कारण धूर दिसेल, आणि आग नसेल तर मुले गारठतील, हे भय ज्या बाईने शब्दांत पकडले, तिच्या तोंडून ते ऐकण्याचा हक्क प्रेक्षकाला होता.

दिग्दर्शकांची अडचण मला समजते. कविता पडद्यावर आणणे अवघड असते, आणि कवी लिहिताना दाखवणे तर त्याहून. याच दांपत्याने २००४ मध्ये निकिफोर या उपेक्षित लोकचित्रकारावर चित्रपट केला होता. तिथे चित्रे समोर धरता येत होती. इथे त्यांनी शब्दांचा भार बव्हंशी संगीतावर टाकला. पाव्लुश्केव्हिच यांची रचना भव्य आहे, पण तिच्या भव्यतेत पापुशाचा एकटा आवाज हरवतो. वाद्यवृंद, समूहगान आणि चढा सूर यांच्याऐवजी एखादी कविता तिने स्वतःशी पुटपुटलेली, एखाद्या गाडीच्या दांडीला टेकून, बाकी सगळे झोपलेले असताना, अशी ऐकू आली असती, तर शेवटी ती काय गमावते आहे ते अधिक कळले असते. लिहिलेले कागद आगीत पडतात तेव्हा आपल्याला वाईट वाटते ते तिच्यासाठी. त्या कागदांवर काय होते, याची चुटपुट लागायची असेल तर ते आधी थोडे तरी वाचलेले असायला हवे.

काळाची उलटापालट हाही प्रेक्षकाला कसाला लावणारा भाग आहे. काही ठिकाणी ती सार्थ आहे, कारण अपमानाच्या शेजारी बालपण ठेवल्याने दोन्हींचा अर्थ बदलतो. पण पहिल्या तासाभरात कोण कोणाचा कोण लागतो आणि आपण नेमके कोणत्या दशकात आहोत, हे शोधण्यात बरेच लक्ष खर्च होते. पोलंडचा युद्धोत्तर इतिहास ज्यांना परिचित नाही त्यांनी वर दिलेला क्रम मनात ठेवून बसावे आणि पडद्यावर येणारे वर्षांचे आकडे नजरेतून सुटू देऊ नयेत.

चित्रपट १३१ मिनिटांचा आहे आणि त्याची लय संथ आहे. कार्लोव्ही व्हारी येथील २०१३ च्या महोत्सवात परीक्षकांनी त्याचा खास उल्लेख केला होता, तो मला योग्य वाटतो. मोबाइलच्या पडद्यावर तो पाहू नये. दूरवरची लहान माणसे तिथे ठिपके होतील आणि चित्रपटाचा निम्मा अर्थ तिथेच संपेल. घरातला मोठ्यात मोठा पडदा, खोलीत अंधार आणि सलग सव्वादोन तास एवढे ज्यांना जमवता येईल त्यांनी तेव्हाच तो लावावा. लहान मुलांसोबत पाहण्याचा हा चित्रपट नाही. मारहाण, मनाविरुद्धचे लग्न आणि युद्धातील मृत्यू यांचा त्यात वावर आहे. ज्यांना घटनांचा वेग हवा असतो त्यांनाही तो कंटाळवाणा वाटण्याचा संभव आहे, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

आणि पाहून झाल्यावर जमेल त्या भाषेत पापुशाच्या कविता मिळवून वाचाव्यात. आज हाती लागतात त्या थोड्याच आहेत, एका बैठकीत वाचून होण्याजोग्या. सुरुवात युद्धकाळावरच्या दीर्घ गाण्यापासून करावी आणि मग रानावरच्या कवितांकडे वळावे. फित्सोव्स्कीच्या पोलिश भाषांतरांतून पुढे गेलेली भाषांतरे अनेकदा थोडी गुळगुळीत झालेली असतात, तेव्हा एकाच कवितेची दोन भाषांतरे मिळाली तर ती शेजारी ठेवून वाचलेली चांगली.